अक्काच्या मापाचे बूट

दादा स्वतःहून कधी कुणाला फोन करत नाहीत. फोन अक्का करायची आणि मागून "जेवली का विचार तिला" एवढाच त्यांचा आवाज यायचा. त्यामुळे त्या सकाळी पतसंस्थेत मी नुकतीच खुर्चीवर टेकले होते आणि मोबाईलवर दादांचं नाव दिसलं, तेव्हाच काय ते समजलं. उचलला तर पलीकडून नुसता पनवेलच्या इस्पितळातला गलका... मग ते म्हणाले, "नलू, अक्का गेली. ये." आणि फोन बंद करायचं विसरून गेले. मीही बंद केला नाही. माणसं चालत होती, कुणीतरी कुणालातरी औषधाची चिठ्ठी मागत होतं, ते सगळं मी कानाला लावून बसले होते.

अक्का म्हणजे सुमन, माझी थोरली जाऊ. दादा तिचे यजमान, माझे थोरले दीर. ती दोघं आणि सासूबाई लोधिवलीच्या घरात, भातशेती आणि दादांचा टेंपो. आम्ही नोकरीमुळे कर्जतला, भिसेगावात. नात्यानं जाऊ असली तरी मी तिला अगं-तुगंच करायची, सासूबाईंना ते पहिली काही वर्षं खटकलं, मग त्यांनी नाद सोडला. अक्काला साधी वाटलेली कावीळ यकृतावर गेली आणि बघता बघता ती हातची गेली. भेटायला येणाऱ्यांतली निम्मी माणसं मात्र एकच म्हणत होती, "एवढी खेळतबिळत होती, मग असं कसं झालं?" त्यातही दोघीतिघींचा सूर असा, की या वयात खेळायला गेली म्हणूनच काहीतरी झालं असणार. मला राग आला, अजूनही येतो. खेळण्यानं अक्का गेली नाही. खेळण्यामुळे ती शेवटची काही वर्षं फार झोकात जगली, आणि हे कुणीतरी लिहायला हवं म्हणून मी लिहिते आहे.

चौक गावात हायवेलगत बाळाशेठचं एक रिकामं गोडाऊन होतं. धंदा बसला तेव्हा त्यानं तिथं हिरवी मॅट अंथरली, नेट बांधलं, दिवे लावले आणि बॅडमिंटनचा हॉल म्हणून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. फार्महाऊसवाले शनिवार-रविवारी यायचे, आठवडाभर हॉल ओस पडलेला. मी कॉलेजात थोडंफार खेळले होते, म्हणून एका रविवारी लोधिवलीला गेले असताना हौसेनं तिकडं वळले आणि अक्काला सोबत म्हणून नेलं. ती भिंतीशी बसली होती. मी आणि तिथली एक बाई खेळत होतो, शटलची फुलं उचलून द्यायचं काम तिच्याकडं. थोड्या वेळानं उचललेलं फूल ती हातानं न देता माझी जादा रॅकेट घेऊन मारून द्यायला लागली, आणि ते बरोबर माझ्या पुढ्यात पडायला लागलं. जन्मभर सूप पाखडलेलं मनगट ते. कमरेत वाकून लावणी केलेल्या बाईला नेटपाशी वाकायला कुणी शिकवायचं... महिन्याभरात मी तिच्याशी एकेरी खेळणं बंद केलं, कारण हरायचा कंटाळा आला होता. आम्ही जोडी झालो.

अडचण पायांची होती. बाळाशेठचा त्या मॅटवर भारी जीव, रोज स्वतः फडकं मारायचा. बाहेर वापरलेले बूट आत चालणार नाहीत असा त्यानं दारावर फलकच लावला होता. आत घालायचे बूट वेगळे, तळाला फिक्या रबराचे, मॅटवर काळा ओरखडा न उठवणारे, आणि ते रस्त्यावर घालायचेच नाहीत, पिशवीतून आणायचे. अक्कानं देवळात काढाव्यात तशा दारात चपला काढल्या आणि अनवाणी उतरली. बाळाशेठ खूश. पण रबरी मॅटवर घसरत जाऊन थांबायचं म्हणजे तळवा भाजून निघतो, दोन आठवड्यांत तिच्या अंगठ्याखालची कातडी सोलवटली. ती लंगडत घरी गेली आणि तिथं पहिल्यांदा सगळ्यांना कळलं, की ही रविवारी नुसती बसायला जात नाही.

दादांनी तो पाय पाहिला. ते बोलतच नाहीत, हीच तर अडचण. केरसुणीची एक हीर काढली, अक्काला पाय टेकायला सांगितला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत हीर मोडून खिशात ठेवली. आमच्याकडं बायकांच्या पायतानांचं माप असंच बाजारात जायचं, बाई घरी आणि काडी दुकानात. दादा चौकातून बूट घेऊन आले. जाड तळाचे, टाचेत उंच, पळायचे बूट, लांबीला तंतोतंत. पण काडीला लांबी कळते, रुंदी कळत नाही. अक्काचा पाय म्हणजे चिखलात वाढलेला पाय, पुढून पसरट, पाचही बोटं एकमेकांना न शिवता ऐसपैस बसलेली. त्या बुटात ती बोटं कोंबली की करंगळी शेजारच्या बोटावर चढायची. तरी नवऱ्यानं आणलेत म्हणून तिनं घातले. तिसऱ्याच खेपेला आडव्या फुलावर धावताना उंच टाच कलली आणि घोटा मुरगळला. मी तिला स्कूटीवर मागे बसवून घरी नेलं, तर दादा तिच्या पायाकडं बघत म्हणाले, "झालं ना आता? बास कर." आणि हळूच म्हणाले, "गावात काय सांगू? इचारतात लोकं."

आता खरं दुखणं समोर आलं. अक्का हॉलला जायची तेव्हा कुणी विचारलं तर दादा सांगायचे, "चौकाला गेलीय, काम हाय." ते वाईट माणूस नाहीत. तिला टेंपोतून नेऊन सोडायचे, आणायला यायचे, पण हॉलच्या आत पाऊल टाकलं नाही कधी. बाहेर काचा पुसत बसायचे. अक्का हळद लावलेला घोटा उशीवर ठेवून मला म्हणाली, "नलू, खेळायचं तर मी खेळनारच. पर चोरी केल्यासारकं नको वाटतं गं. त्यांनी सांगावं ना कुनाला, बायको खेळते म्हनून. एवढं काय लाजायचं हाय त्यात?"  घोटा बरा होऊ दे, मग आधी बूट बघू, असं मी म्हटलं.

घोटा बरा झाल्यावर मी मोबाईल काढला आणि तिला घरबसल्या बूट दाखवायला बसले. तिनं चित्रं मन लावून पाहिली आणि मोबाईल परत दिला. "पाय हितं, बूट तितं. दोगांची भेट झाल्याबिगर सोयरीक कशी ठरवायची?" शिवाय लांबून मागवलं आणि बिघडलं, तर भांडायला कुठं जायचं, हा तिचा रोकडा सवाल. मला शनिवार सोयीचा, पण शनिवारी पायतान घ्यायचं नाही यावर ती ठाम. मग रविवार ठरला. सकाळी नको म्हणाली, सकाळचा पाय सगळ्याच बुटांत जातो, दिवसभर राबलेला पाय दुकानात न्यायला पाहिजे. तर ती दिवसभर घरचं, शेताचं सगळं काम करून, जाड मोजे पदराच्या टोकाला बांधून, दादांच्या टेंपोतून संध्याकाळी कर्जतच्या बाजारात हजर झाली.

त्या दुकानातला तो तास-दीड तास मी जन्मात विसरणार नाही. दुकानदारानं पुढं केला तो गुलाबी पट्ट्यांचा बायकांचा बूट, अरुंद, वेलचीच्या केळ्यासारखा. अक्कानं घातला, उभी राहिली, काढला. दुसरा, तिसरा... खोक्यांचा ढीग लागला. दुकानदार कंटाळून म्हणाला, "मावशी, लेडीजमध्ये एवढा रुंद येत नाही."

"मंग बुवांचा काड," अक्का म्हणाली. "पायाला काय कळतंय, बाई हाय का बाप्या?"

दुकानदार हसला आणि खरंच पुरुषांचे बूट काढायला लागला. आता अक्का रंगात आली. प्रत्येक बूट आधी हातात घेऊन दुमडून बघायची. पुढं चवड्याशी वाकतो का, मधेच मोडल्यासारखा होतो का. टाच बोटांनी दाबायची. मग मोजे चढवून नाडी घट्ट आवळायची आणि टाच आत हलते का ते बघायची. पुढं अंगठ्याच्या टोकापाशी एक बोट शिरेल एवढी जागा हवी, आणि करंगळीला बाजूनं कुणी धक्का मारता कामा नये. एवढं जमलं की ती क्रिकेटच्या बॅटा आणि कॅरमबोर्डांच्या मधल्या बोळात खरोखरची खेळायला लागायची. पुढं झेप, मागं सरकणं, आडवं पाऊल, एका हातानं साडीच्या निऱ्या वर धरलेल्या. गिऱ्हाइकं थबकून बघत होती. दादा फुटपाथवर उभे राहून, आपला या बाईशी काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं, टेंपोच्या टायरची हवा तपासत होते.

सगळ्यात मागच्या फळीवर एक धूळ खाल्लेलं खोकं निघालं. आत राखाडी रंगाचे, ठेंगण्या टाचेचे, डिंकासारख्या पिवळट रबराच्या तळाचे बूट होते. दिसायला अगदी सामान्य. अक्कानं ते घातले आणि उभी राहिली. एक झेप घेतली, परत आली. मग खाली बघून तिनं आतल्या आत बोटं हलवली असावीत, कारण बुटाचं नाक जरासं हललं. "ह्यात मी एकटी हाय," ती म्हणाली. "बाकीच्यात कुनीतरी संगं असल्यासारकं वाटत व्हतं." तिथंच तिनं रॅकेटच्या मुठीला जाडशी पट्टी गुंडाळून घेतली आणि सरावाला नायलॉनची फुलं घेतली. पिसांची फुलं स्पर्धेपुरती घेऊ म्हणाली, आणि स्पर्धा हा शब्द तिच्या तोंडून तेव्हा मी पहिल्यांदा ऐकला. पैसे तिनं वालाच्या शेंगा विकून साठवलेले दिले, दादांना देऊ दिले नाहीत.

पण बूट आणल्यावर घरात जे रामायण झालं त्याला तोड नाही. आमच्या घरात चपला ओटीच्या खाली, पायरीपाशी राहतात. पाहुणा कितीही मोठा असो, पायतान उंबऱ्याच्या आत नाही. आणि हे बूट तर बाहेर ठेवायचेच नव्हते. पायरीवर ठेवले की धूळ, चिखल, कोंबड्या, आणि चिखल लागला की बाळाशेठ आत घेणार नाही. अक्कानं ते कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवले. सासूबाईंनी पाहिले आणि दारात बसकण मारली. "घरात पायतान? देवघराच्या भिंतीला लागून? सुमन, डोकं फिरलंय तुजं." अक्कानं वाद घातला नाही. बूट काढले, उलटे केले आणि तळ सासूबाईंसमोर धरला. "हात लावून बगा, आई. ह्यांनी अजून जमीन बगितली नाय आनि बगनार पन नाय. हॉलमदीच घालायचे, तितंच काडायचे." सासूबाईंनी खरंच तळावरून हात फिरवला. बोटं डोळ्यांसमोर धरली. वास घेतला. मग निवाडा दिला, "कपाट त्या भिंतीचं ह्या भिंतीला घ्या. मंग ऱ्हाऊ दे."

दादांनी कपाट सरकवलं. आणि मग त्या बुटांची राखणदारी सासूबाईंनी अशी काही हाती घेतली, की बाळाशेठ परवडला. एकदा शेजारची यमू कौतुकानं बूट बघायला ओटीवर घेऊन आली, तर म्हातारी आतून ओरडली, "अगं, खाली नको ठिऊस, जमीन लागंल." यमू बूट छातीशी धरून तशीच उभी राहिली. अक्काला हसून हसून ठसका लागला.

त्या बुटांत अक्का खेळली ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून छाती फुगवून सांगते. आधी ती फुलाकडं धावायची, आता फुलाच्या आधी तिथं उभी असायची. माझा जुना ट्रॅकसूट, वर तिचा सैल कुर्ता, वेणीचा अंबाडा. दुसऱ्या वर्षी बाळाशेठनं आसपासच्या बायकांची दुहेरीची स्पर्धा ठेवली. बंगल्यांवरच्या पोरीसोरी चकचकीत कपड्यांत आलेल्या, त्यांतल्या एकीनं अक्काला आधी पाणी आणून द्यायला सांगितलं. अक्कानं आणून दिलं. दोन सामन्यांनंतर त्याच पोरींशी आमची गाठ पडली, आणि नेटपाशी रोवून उभ्या राहिलेल्या त्या पसरट पायांना काय उत्तर द्यायचं ते त्यांना शेवटपर्यंत सापडलं नाही. मी मागं नुसती इकडून तिकडं पळत होते, जिंकत होती अक्का. अंतिम सामना मात्र आम्ही हरलो, माझ्यामुळेच म्हटलं तरी चालेल, दम संपला होता माझा. उपविजेत्यांचा छोटा करंडक घेऊन बाहेर आलो, तर दादा टेंपोत. आतला आरडाओरडा त्यांनी सगळा ऐकला असणार. करंडकाकडं पाहिलं आणि म्हणाले, "झालं? निगायचं?" अक्का पुढं त्यांच्या शेजारी बसली. करंडक मांडीवर. वाटेत गावातलं कुणीतरी हात करून टेंपोत चढलं, कुठून येताय म्हणून विचारलं. दादा म्हणाले, "चौकावरनं." अक्कानं पदर करंडकावर ओढला. मी मागं बसून ते पाहिलं. त्या दिवशी सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते हरल्याचं नव्हे.

ती त्यानंतरही खेळत राहिली. गावातल्या यमूला आणि आणखी दोघींना तिनं हॉलला न्यायला सुरुवात केली, त्यांना बूट घ्यायला कर्जतला घेऊन गेली, शनिवार टाळून, संध्याकाळच्या वेळी, दमलेल्या पायांनी. दुकानदार आता तिला बघितलं की आधीच पुरुषांची खोकी खाली काढायचा. दादा टेंपोतून सगळ्यांना न्यायचे. बाहेर थांबायचे.

इस्पितळात शेवटी शेवटी तिचे पाय फार सुजले होते. मी गेले तेव्हा दादा पायथ्याशी स्टुलावर बसून ते दाबत होते. नवऱ्यानं बायकोचे पाय दाबलेले आमच्या घरात कुणी पाहिले नव्हते. मला पाहून त्यांनी हात काढला नाही. अक्काचे डोळे पिवळे झाले होते, पण जीभ शाबूत होती. म्हणाली, "बग, आता बुवांचा पन नंबर पुरायचा नाय मला." मग माझा हात धरून म्हणाली, "रविवार बुडवू नकोस, नलू. यमूला संगं घे. तिचं मनगट बरं हाय, पर पळते लय." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी हो म्हटलं. आज मी आणि यमू रविवारी खेळतो, आणि ती खरंच लय पळते.

राखाडी बूट कपाटात आहेत. मला होत नाहीत, यमूला होत नाहीत, घरात कुणालाच होत नाहीत. सासूबाई आठवड्याला ते काढून फडक्यानं पुसतात आणि परत ठेवतात. बाहेरच्या पायरीवर न्यायचं कुणी नाव काढत नाही.

आणि एक राहिलं. बाराव्याला दान द्यायच्या वस्तूंत छत्री, तांब्या आणि चपलाजोड असतो, गेलेल्या माणसाचे पाय पुढच्या वाटेवर भाजू नयेत म्हणून. भटजी म्हणाले होते, कुठलाही साधा जोड चालेल. बाकीचं सामान आणायला माणसं होती, पण चपला मी आणतो म्हणून दादा उठले आणि मला बरोबर यायला सांगितलं. आम्ही चौकातल्या चपलांच्या दुकानात गेलो. संध्याकाळची वेळ, बरीच गर्दी होती. दुकानदारानं बायकांच्या चपला पुढं टाकल्या. दादा एकेक जोड उचलून त्यात स्वतःच्या हाताचा पंजा घालायचे, बोटं पसरायचे आणि बाजूला ठेवायचे. असे बरेच झाले. शेवटी दुकानदार म्हणाला, "काका, नंबर सांगा ना. नाहीतर काकींनाच घेऊन या, घालून बघतील."

दादांनी मान वर केली. "ती नाय आता," ते म्हणाले. "पन पाय ठावं हाय मला. पुडनं एवढा रुंद व्हता." पंजा तसाच पसरून त्यांनी दुकानदारासमोर धरला. "बायकांच्यातलं नको दाखवू. बुवांच्यातलं काड." मग आजूबाजूच्या माणसांकडं एकदा बघून म्हणाले, "बॅडमिंटन खेळायची माजी बायको. ह्या चौकातच, बाळाशेठच्या हॉलमदी. बक्षीस हाय तिचं घरात."

कुणी काही विचारलं नव्हतं. दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं ते बोलले होते.